नो डॅम्स: तळं बुडालं आणि पार्टी वर आली

आंदोलनातून पक्ष निघतो का, हा विषय आपल्याकडे दर इलेक्शनला कोणीतरी काढतंच. मग दोन तट पडतात. एक म्हणतो आंदोलन वेगळं नि राजकारण वेगळं, दुसरा म्हणतो सत्तेत गेल्याशिवाय काही बदलत नाही, आणि चहा संपला की दोघं आपापल्या कामाला. मला या वादात एक केस नेहमी आठवते, ती टास्मानियाची. पर्यावरणाच्या आंदोलनातून निघालेला जगातला पहिला हिरवा पक्ष तिथला, जर्मनीतला नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की सगळं जर्मनीत सुरू झालं. जर्मन ग्रीन्स १९८० साली स्थापन झाले, ही गोष्ट त्याच्या आठ वर्षं आधीची आहे.

टास्मानिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाखालचं बेट. सत्तरच्या दशकात अख्ख्या राज्याची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, आपल्याकडे एवढी माणसं एखाद्या महापालिकेत मावतात. पाऊस भरपूर, डोंगर भरपूर, नद्या भरपूर, त्यामुळे तिथल्या सरकारचं धोरण अनेक वर्षं एकच: धरणं बांधायची, स्वस्त वीज काढायची, त्या विजेवर जस्ताचे नि अॅल्युमिनियमचे कारखाने आणायचे. हे काम बघणारं खातं म्हणजे हायड्रो-इलेक्ट्रिक कमिशन, तिकडे सगळे नुसतं 'हायड्रो' म्हणतात. आणि हे खातं नावालाच खातं होतं, सरकारं यायची जायची, हायड्रो जे म्हणेल ते व्हायचं. हजारो लोकांच्या नोकऱ्या त्यात, त्यामुळे कामगारांचा लेबर पक्षही धरणवाला आणि व्यापाऱ्यांचा लिबरल पक्षही धरणवाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या तळ्याबद्दल. नैऋत्येच्या डोंगरात लेक पेडर नावाचं जुनं हिमनदीच्या काळातलं तळं होतं, मोठं नव्हतं, नऊ-दहा चौरस किलोमीटर. पण त्याचा किनारा गुलाबी होता. क्वार्टझाइट नावाचा दगड झिजून झालेली वाळू, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरलं की तीनेक किलोमीटर लांब नि चांगला रुंद पट्टा उघडा पडायचा. रस्ता नव्हताच, लोक दोन-तीन दिवस चिखल तुडवत चालत जायचे, नाहीतर छोट्या विमानातून, आणि विमान उतरायचं कुठे तर थेट त्या वाळूवर, इतकी ती घट्ट. १९५५ साली त्याला नॅशनल पार्क केलेलं. म्हणजे कागदोपत्री संरक्षण होतं. कागदाचं काय होतं ते आपल्याला नव्याने सांगायला नको.

साठच्या दशकात लेबरचे मुख्यमंत्री एरिक रीस, धरणांच्या नादामुळे लोक त्यांना 'इलेक्ट्रिक एरिक' म्हणायचे, त्यांनी सांगितलं की गॉर्डन नदीच्या वीजप्रकल्पासाठी पेडरच्या पार्कमध्ये 'काही फेरबदल' होतील. फेरबदल! तीन धरणं बांधून पाणी असं अडवायचं होतं की मूळ तळं खाली गडप आणि वर साधारण २४० चौरस किलोमीटरचा जलाशय. १९६७ मध्ये कायदा झालासुद्धा. आणि कहर म्हणजे नव्या जलाशयाचं नावही लेक पेडरच ठेवलं. एखाद्याचं घर पाडून त्या जागी मॉल बांधायचा आणि मॉलला त्याच घराचं नाव द्यायचं, तसलं काहीतरी.

विरोध झाला, सह्या झाल्या, सभा झाल्या, काही उपयोग नाही. १९७२ च्या मार्चमध्ये लिबरलांचं आघाडी सरकार पडलं, इलेक्शन लागलं, आणि तळं वाचवणाऱ्यांच्या लक्षात आलं की मत द्यायला कोणी नाहीच. लेबरला द्या, धरण. लिबरलला द्या, धरण. २३ मार्च १९७२ ला होबार्टच्या टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि तिथे ठरलं की आपणच उभं राहायचं. नाव ठेवलं युनायटेड टास्मानिया ग्रुप, अध्यक्ष रिचर्ड जोन्स नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ. मतदान २२ एप्रिलला, म्हणजे पक्ष काढून जेमतेम एक महिना. ना पैसा, ना कार्यकर्ते, ना बूथवर बसायला माणसं. मतं पडली ३.९ टक्के, सीट शून्य, रीस परत मुख्यमंत्री आणि त्याच वर्षी तळ्यात पाणी चढायला लागलं.

त्या सप्टेंबरात आणखी एक प्रकार झाला जो टास्मानियात आजही लोक दबक्या आवाजात बोलतात. पक्षाच्या एक उमेदवार ब्रेंडा हीन आणि पायलट मॅक्स प्राइस हे एका जुन्या टायगर मॉथ विमानातून कॅनबेराकडे निघाले, राजधानीच्या आकाशात धुराने 'सेव्ह लेक पेडर' लिहायला. विमान पोचलंच नाही. ना अवशेष मिळाले ना माणसं. आधी हॅंगरमध्ये कोणीतरी घुसलं होतं, धमकीचा फोनही आला होता. घातपात होता का हे कधीच सिद्ध झालं नाही, त्यामुळे मी त्यावर जास्त बोलत नाही. पण 'तळ्यासाठी माणसं गेली' ही भावना तिथून जी बसली ती बसलीच.

पुढच्या वर्षी केंद्रातल्या व्हिटलम सरकारने चौकशी समिती नेमली, पैसे देऊ, तळं परत मोकळं करा असं सुचवलं, तर रीस म्हणाले नको. संपलं. म्हणजे पहिल्या राउंडचा हिशोब मांडला तर तळं गेलं, इलेक्शन गेलं, माणसं गेली. हातात काय उरलं, तर एक हरलेला पक्ष आणि कायम चिडलेले काही शे लोक.

या चिडलेल्यांत एक बाहेरून आलेला डॉक्टर होता, बॉब ब्राऊन. साधा जीपी, दवाखाना चालवणारा. १९७५ ला या ग्रुपतर्फे सिनेटला, म्हणजे केंद्राच्या वरच्या सभागृहाला, उभा राहिला, पडला. १९७६ मध्ये एका मित्राबरोबर रबरी तराफ्यातून फ्रँकलिन नदी उतरला, आणि तिथून परत आल्यावर त्याला कळलं की हायड्रोच्या पुढच्या धरणात हीच नदी बुडणार आहे. त्याच वर्षी त्याच्या घरी बसून वाइल्डरनेस सोसायटी निघाली. या वेळी मात्र त्यांनी आधी पार्टी न काढता आधी लोक जमवले, पेडरवरून एवढं तरी शिकले होते.

फ्रँकलिनचं पाणी कोऱ्या चहासारखं असतं, वरच्या माळावरच्या गवतातून झिरपत येतं म्हणून तो रंग. मुख्यमंत्री रॉबिन ग्रे यांनी तिला जळवांनी भरलेला तपकिरी नाला म्हटलं होतं. रंगाबद्दल ते खोटं बोलत नव्हते म्हणा.

आता मुख्य गंमत. १९८० मध्ये लेबरचे मुख्यमंत्री डग लोव यांनी मधला मार्ग काढला, फ्रँकलिन सोडा, त्याऐवजी गॉर्डन नदीवरच, ओल्गा नदी तिला मिळते त्याच्या वरच्या बाजूला धरण बांधू. वरच्या सभागृहाने ते अडवलं. शेवटी १२ डिसेंबर १९८१ ला जनमत घ्यायचं ठरलं, आणि मतपत्रिकेवर पर्याय किती, दोन. हे धरण हवं की ते धरण हवं. धरणच नको हा पर्यायच नाही! आईने विचारावं भेंडीची भाजी करू की भेंडीची भजी करू, आणि घरात कोणालाच भेंडी नको.

तिकडे मतदान सक्तीचं आहे, घरी बसायची सोय नाही, बहिष्कार वगैरे आपल्यासारखं चालत नाही. मग लोकांनी काय केलं, केंद्रावर गेले, रांगेत उभे राहिले, कागद घेतला आणि त्यावर आडवं लिहिलं: नो डॅम्स. निकालात फ्रँकलिनवाल्या धरणाला ४७ टक्के, ओल्गावाल्याला ८ टक्के, आणि बाद मतं ४५ टक्के. एकूण मतदारांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी ते दोन शब्द स्वतःच्या हाताने लिहिले होते. मी आपल्याकडच्या पदवीधरच्या निवडणुकीत मत दिलंय, तिथे टेबलावरचा जांभळा स्केचपेनच वापरायचा असतो आणि आकड्याशिवाय एक रेघ जास्त ओढली तर मत बाद, म्हणून अक्षरशः हात थरथरतो. आणि इथे हजारोंनी मत बाद होणार हे माहीत असून शांतपणे कागदावर लिहिलं. मला या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात भारी क्षण वाटतो, पुढच्या अटकांपेक्षासुद्धा. अटक व्हायला नदीपर्यंत जावं लागतं, हे तर गावातल्या शाळेत बसून केलं.

लोव यांना तोपर्यंत त्यांच्याच पक्षाने काढलेलं होतं. १९८२ च्या मे महिन्यात लिबरलांचे रॉबिन ग्रे जिंकले आणि धरणाचं काम सुरू. १४ डिसेंबर १९८२ ला नाकेबंदी सुरू झाली, योगायोग बघा, त्याच दिवशी युनेस्कोने तो प्रदेश जागतिक वारसा यादीत घातला. स्ट्राहान नावाच्या बंदराच्या गावी तळ, तिथून बोटीने नदीच्या वर जायचं, बुलडोझर घेऊन येणाऱ्या बार्जसमोर रबरी होड्या घालायच्या, किनाऱ्यावर चढून झाडीत बसायचं आणि पोलिस उचलेपर्यंत बसून राहायचं. बाराशेच्या वर लोकांना अटक झाली. जामिनाची अट साधी होती, परत त्या भागात पाय ठेवणार नाही एवढं मान्य करा नि घरी जा. शेकड्यांनी लोकांनी नाही म्हटलं आणि होबार्टजवळच्या रिस्डनच्या तुरुंगात गेले. त्यात बॉब ब्राऊनही, १९ दिवस.

आणि आता तो भाग जो सांगितल्याशिवाय ही केस कळतच नाही. होबार्टच्या डेनिसन मतदारसंघातून नॉर्म सँडर्स नावाचे आमदार होते, ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्सचे, धरणविरोधी. नाकेबंदीच्या काळात त्यांनी राजीनामा दिला. आपल्याकडे पोटनिवडणूक लागली असती, पैसा वाहिला असता, पालकमंत्री तळ ठोकून बसले असते. टास्मानियात तसं नाही. तिथे जागा रिकामी झाली की आधीच्या निवडणुकीतल्या त्याच आमदाराच्या मतपत्रिका परत काढतात आणि बघतात की या मतदारांनी पुढची पसंती कोणाला दिली होती. बॉब ब्राऊन आधीच्या इलेक्शनला तिथेच अपक्ष उभा होता, पडला होता. मतपत्रिका उलटल्या आणि जागा त्याला. जानेवारी १९८३ मध्ये माणूस तुरुंगातून सुटतो काय आणि लगेच आमदार होतो काय! एक सभा नाही, एक पोस्टर नाही, जुने कागद फक्त परत मोजले.

ही पद्धत म्हणजे हेअर-क्लार्क. ऐकायला परकं वाटतं पण आपल्याला ती माहीत आहे, राज्यसभेच्या इलेक्शनच्या वेळी टीव्हीवर 'कोटा किती, पहिल्या पसंतीची किती, दुसऱ्या पसंतीची कोणाला' असा गोंधळ चालतो ना, तेच. फरक इतका की आपल्याकडे तसं मत आमदार देतात आणि तिकडे सामान्य माणूस देतो. टास्मानियाच्या विधानसभेत तेव्हा ३५ जागा, पाच मतदारसंघ, प्रत्येकातून सात आमदार. सात जागा म्हणजे कोटा साडेबारा टक्के. एका मतदारसंघात पसंत्या धरून तेवढी मतं जमवली की सीट तुमची, बाकी साडेसत्त्याऐंशी टक्के लोक तुम्हाला शिव्या देत असले तरी.

आता हे आपल्याकडे ठेवून बघा. धरणाविरुद्धची लढाई आपल्याला नवी नाही, मुळशीचा सत्याग्रह १९२१ चा आहे, सेनापती बापट तेव्हा उभे राहिले होते, पेडरच्या पन्नास वर्षं आधी. नर्मदेचं आंदोलन तर जगाला माहीत आहे. त्याच मेधाताई पाटकर २०१४ ला ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या, आम आदमी पार्टीकडून, ७६ हजारांच्या आसपास मतं पडली आणि तिसऱ्या आल्या. शहात्तर हजार माणसं मत देतात आणि त्याचं फळ शून्य, कारण आपल्याकडे पहिला आला तो सगळं घेऊन जातो. मग लोक म्हणतात आंदोलनवाल्यांना कोण मत देतं. अरे, देतात की, मोजणीत ते दिसत नाही एवढंच. माझं मत स्पष्ट आहे, टास्मानियातले लोक आपल्यापेक्षा जास्त जागरूक वगैरे काही नव्हते. त्यांच्याकडे दोन गोष्टी एकदम जुळल्या, दोन्ही मोठ्या पक्षांनी एकच दार लावून घेतलं आणि मोजणीच्या पद्धतीने एक खिडकी उघडी ठेवली.

खिडकी म्हटलं पण दार नाही हं. कारण नदी वाचवली ती या खिडकीने नाहीच. आमदार झाल्या झाल्या ब्राऊनने विधानसभेत धरण थांबवायचा प्रयत्न केला, पण एका माणसाने काय होतं. नदी वाचली कॅनबेरामुळे. मार्च १९८३ च्या केंद्रीय निवडणुकीत लेबरच्या बॉब हॉक यांनी धरण थांबवू असं वचन दिलं, आणि प्रचारात पीटर डोंब्रोव्स्किस यांचा फ्रँकलिनवरच्या धुक्यातल्या सकाळचा रंगीत फोटो वर्तमानपत्रांत पानभर छापला गेला, खाली प्रश्न, हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत द्याल का. सिडनी-मेलबर्नच्या लोकांनी ती नदी आयुष्यात पाहिली नव्हती, फोटो पाहिला. हॉक जिंकले. आणि खुद्द टास्मानियात? लोकसभेसारख्या सभागृहाच्या पाचच्या पाच सीट लिबरलांना, धरणवाल्यांना. ज्यांच्या दारातली नदी, त्यांनी तिच्या विरुद्ध मत दिलं. बाहेरून सुंदर दिसणारी आंदोलनं गावात किती नावडती असतात ते बघा, स्ट्राहानमध्ये दुकानदार आंदोलकांकडे कसे बघत असतील याची कल्पना मला कोकणातल्या कुठल्याही प्रकल्पाच्या गावात दोन दिवस राहिल्यावर येते.

राज्य सरकार तरी ऐकेना. केंद्राने काम चालू आहे का हे बघायला हवाई दलाचं विमान पाठवून फोटो काढले, त्यावरून विमान पाठवणाऱ्या केंद्रीय मंत्र्याची भरपूर टिंगल झाली. शेवटी १ जुलै १९८३ ला हायकोर्टाने, तिकडे सर्वोच्च न्यायालयाला हायकोर्ट म्हणतात, चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की जागतिक वारशाचा आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी केंद्र हे धरण थांबवू शकतं. एका न्यायमूर्तीचं मन फिरलं असतं तर आज फ्रँकलिन पण पेडरसारखीच.

म्हणजे नदी कोर्टाने वाचवली आणि पार्टी मात्र मोजणीने वाढली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक त्या एकत्र करतात आणि म्हणतात हिरव्यांनी नदी वाचवली. १९८६ ला दोन हिरवे अपक्ष निवडून आले. मग वेस्ली व्हेल नावाच्या गावी कागदाच्या लगद्याचा प्रचंड कारखाना येणार होता, समुद्रात काय सोडणार यावरून शेतकरी आणि मच्छीमार चिडले, त्यांचं नेतृत्व क्रिस्टीन मिल्न नावाच्या शिक्षिकेने केलं, कंपन्यांनी १९८९ मध्ये प्रकल्प सोडला आणि त्याच वर्षीच्या इलेक्शनला १७ टक्के मतं, पाच सीट. फ्रँकलिनवर गावकरी विरोधात होते, इथे गावकरीच पुढे होते, हा फरक मोठा आहे. लिबरलांना बहुमताला एक कमी. पाच हिरव्यांच्या पाठिंब्यावर लेबरचं सरकार आलं. त्याआधी एका लेबर आमदाराला फोडण्यासाठी एक लाख दहा हजार डॉलर देऊ करणारे एडमंड रूस, लॉन्सेस्टनचे मीडियामालक, पुढे तुरुंगात गेले, खोकी फक्त आपल्याकडेच असतात असा गैरसमज नको. पुढे जंगलाच्या लाकडावरून लेबर-हिरवे करार मोडला, ते व्हायचंच होतं.

आणि मग मोठ्या दोघांनी खिडकी बारीक केली. १९९८ मध्ये लेबर आणि लिबरल यांनी मिळून विधानसभा ३५ वरून २५ केली, खर्च वाचवायला म्हणे. मतदारसंघात सातच्या जागी पाच आमदार, कोटा साडेबारावरून एकदम पावणेसतरापर्यंत. हिरव्यांची मतं ११ टक्क्यांवरून १० वर आली होती, फक्त एक टक्का. सीट चारवरून एक! म्हणून म्हणतो, मोर्च्यात माणसं किती होती हे बघू नका, कोटा किती आहे ते आधी बघा. २०१० ला २१ टक्क्यांवर मतं घेऊन परत पाच सीट आणल्या, त्यांचे निक मॅकिम मंत्री झाले, पण त्यानंतर परत घसरगुंडी. शेवटी विधानसभा परत ३५ ची केली आणि २०२४ च्या निवडणुकीत हिरव्यांना पाच सीट. बॉब ब्राऊन मधल्या काळात १९९६ ला सिनेटमध्ये गेला होता आणि ऑस्ट्रेलियन ग्रीन्सचा चेहरा झाला होता.

त्या पहिल्या तळ्याचं काय झालं, तर ते अजून तिथेच आहे, पंधराएक मीटर पाण्याखाली. नव्वदच्या दशकात पाणबुडे खाली गेले होते आणि किनारा जसाच्या तसा सापडला, वाळूचे उंचवटे, तळ्याची कड, वर फक्त गाळाचा पातळसा थर. संसदेच्या समितीने १९९५ मध्ये सांगितलं की पाणी काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण तशी शिफारस केली नाही. वेस्ली व्हेलवाल्या क्रिस्टीन मिल्न आता हेच काम करतात, पेडर परत मोकळं करा. त्यांचं म्हणणं असं की हायड्रो त्या जुन्या धरणांच्या दुरुस्तीवर पैसे घालणारच आहे, तर घालण्याआधी एकदा विचारा.